आधी वाचना, मग उपदेश

पाठशाळेत बसलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, स्वाध्यायाचे पाच प्रकार ती बोटं मोजत सांगेल. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आधी वाचायचं, मग शंका विचारायची, मग मनात घोळवायचं, मग घोकून पक्कं करायचं आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याला सांगायचं. तत्त्वार्थसूत्रात हा क्रम आहे आणि तो उगाच लावलेला नाही. ज्याने वाचलं नाही, विचारलं नाही, त्याने सांगायला बसू नये, एवढा साधा त्याचा अर्थ.

आज आपल्या घरोघरच्या फोनवर हा क्रम पार उलटा झालाय. सकाळी उठल्याबरोबर धर्मोपदेश सुरू होतो. वाचना नाही, पृच्छना तर नाहीच नाही. आणि दुःख याचं, की हा उपदेश पुढे ढकलण्यात आपली शिकलेली पोरं सगळ्यात पुढे आहेत. बी.ई. झालेली, एम.एस्सी. करणारी, वकिलीची पुस्तकं घेऊन फिरणारी. ज्यांना मुळातलं वाचता येतं, तीच वाचत नाहीत. वाचणाऱ्या एखादीला आपण बोलू देत नाही. या लेखात मला दोन्हींबद्दल लिहायचंय.

आपल्या भागात शिक्षणाची गोष्ट बोर्डिंगपासून सुरू होते. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी अशी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला शहरात राहायला जागा मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, हे तर झालंच. पण समाजाने त्या पोरांकडून एक अपेक्षाही ठेवली होती. सरकारचा कागद आला, कोर्टाचा कागद आला, इंग्रजीतलं काही आलं, की शिकलेल्याने ते वाचून गावाला समजावून सांगायचं. अण्णासाहेब लठ्ठे एम.ए. झाले, वकील झाले, पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. त्यांनी इंग्रजीतही लिहिलं आणि समाजात उभं राहून आपल्या भाषेतही बोलले. सोलापूरहून हिराचंद नेमचंद दोशी १८८०च्या दशकापासून 'जैन बोधक' चालवत होते. सभेचं 'प्रगती आणि जिनविजय' घरोघर येत होतं. त्या काळच्या या पत्रांमधून शिक्षण, बालविवाह, विधवांचे हाल यांवर वाद झडत. पत्रव्यवहार चाले, उत्तराला उत्तर येई. म्हणजे पृच्छनेला छापील जागा होती.

तो काळ सगळा गोडच होता असं मी म्हणत नाही. याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहत होता. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करायला त्याने नकार दिला. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. विचारणारं पोर तेव्हाही सोसवत नव्हतंच. पण त्या पोराने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि आज आपणच त्यांना कर्मवीर म्हणून हार घालतो. आपल्याला विचारणारी माणसं शंभर वर्षांनी आवडतात. आज विचारणारी आवडत नाहीत.

आता आजच्या पोरांकडे बघू. बेळगाव जिल्ह्यातली मुलगी घरी मराठी बोलते. शाळेत ती कन्नड शिकलेली असते. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या वर्गात, नाहीतर व्हीटीयूच्या कॉलेजात, ती इंग्रजीतून शिकते. फोनवर तिला हिंदी ऐकू येतं. बस्तीत पूजा ऐकताना कानावर प्राकृत-संस्कृत पडतं. चार-पाच भाषांची ही शिदोरी देशातल्या फार थोड्या मुलांकडे असते. तालुक्याच्या कचेरीतला कन्नड आदेश, दिल्लीचं इंग्रजी राजपत्र आणि आजीचा मराठी प्रश्न, या तिन्हींच्या मध्ये बसून बोलू शकेल अशी ही मुलगी. आणि आपण तिच्याकडून काय करून घेतो? वाढदिवसाचा बॅनर. महाराजांच्या विहाराचा फोटो, त्यावर गाणं लावून रील. पंचकल्याणकाच्या पत्रिकेचं डिझाइन. "तू शिकलेली आहेस, जरा हे ग्रुपवर टाक की." एवढ्यावर तिचं शिक्षण समाजाच्या कामी आलं असं आपण धरतो.

याचा खरा कस २०२५च्या पावसाळ्यात लागला. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, जिला माधुरीही म्हणतात, ती आठवत नाही असं आपल्याकडे एकही घर नसेल. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांतल्या गावांची त्या मठावर श्रद्धा. पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत हत्तिणीला आपण पाहिलेलं, पोरांना उचलून दाखवलेलं. प्राणीहक्कवाल्या पेटा संस्थेने तक्रार केली, उच्चाधिकार समितीने हत्तिणीची पाहणी केली आणि १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातमधल्या जामनगरला, वनताराशी जोडलेल्या केंद्रात हलवायचा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात मठाची याचिका फेटाळली. जुलैच्या अखेरीस हत्तीण गेली. गाव रडलं. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस फोनवर काय काय आलं ते आठवा. हत्तिणीच्या डोळ्यातलं पाणी. मागे करुण संगीत. "विकली", "पळवली", "आज हत्तीण, उद्या मठ", "उद्या मुनी". जिओचे नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवायची लाट आली. कुठल्या नंबरवर काय मेसेज पाठवायचा, तेही कॉलेजच्या पोरांनीच ज्येष्ठांना शिकवलं. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली. हजारो माणसं पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास चालली, बायका चालल्या, सगळ्या जातीधर्मांची माणसं चालली. शेवटी सरकारला दखल घ्यावी लागली आणि वनताराकडूनही नांदणीजवळच हत्तिणीसाठी केंद्र उभारायची तयारी दाखवली गेली. हे सामर्थ्य लहान नाही. एक दगड न उचलता एवढं झालं, याचा मला अभिमान आहे. फोन नसता तर हे जमलं नसतं, तेही मान्य.

पण मी त्या पंधरा दिवसांत ओळखीच्या दहा-बारा पोरांना एकच प्रश्न विचारला. निकालात काय लिहिलंय? इंजिनिअर होते, एम.बी.ए.वाले होते, एक पीएच.डी. करणारा होता. एकानेही तो वाचलेला नव्हता. "मावशी, निकाल काय वाचायचाय, सगळं सेटिंग आहे" असं एकाने सांगितलं. सेटिंग आहे हे त्याला कुठून कळलं? रीलमधून. रील कुणी केलं? माहीत नाही. किती साखळ्यांतून आलं? माहीत नाही. विद्यापीठात याच पोराला प्रबंध लिहिताना प्रत्येक वाक्याखाली ते कुठून घेतलं हे लिहावं लागतं. तिथे एक वाक्य बिनआधाराचं राहिलं तर मार्गदर्शक लाल रेघ मारतात. त्याच पोराला गावच्या ग्रुपवर आधाराची आठवण होत नाही. म्हणजे शिक्षण परीक्षेच्या हॉलमध्ये राहिलं आणि पोर तेवढं घरी आलं.

बेळगावात आमच्या मंडळाचा चातुर्मासात दुपारचा स्वाध्याय असतो. त्या दिवसांत कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आईबरोबर आली होती. कुणीतरी म्हणालं, "तू वकिलीला आहेस, सांग की बाई आम्हाला, कोर्ट म्हणतंय तरी काय?" तिने निकाल फोनवर उतरवून घेतला होता आणि वाचलाही होता. वीसएक मिनिटं ती बोलली. समितीच्या अहवालांत हत्तिणीच्या पायांच्या आणि नखांच्या दुखण्याबद्दल, एकटं राहण्याबद्दल काय नोंदलंय, ते सांगितलं. मठाने सोयी सुधारल्याचं म्हटलंय, तेही सांगितलं. धर्मकार्यातल्या वापराच्या हक्कापेक्षा जनावराच्या चांगल्या जगण्याचा हक्क न्यायालयाने वर धरला, हे सांगितलं. आणि यावर मठाला पुढे काय करता येतं, फेरविचाराची याचिका म्हणजे काय, हेही.

बायकांनी जे प्रश्न विचारले, तसे मी त्या पंधरा दिवसांत एकाही वाहिनीवर ऐकले नाहीत. "पायाला जखम खरंच होती का गं?" "सिमेंटवर उभं राहून होतं का तसं?" "मग डॉक्टर इथेच ठेवता आला नसता?" "एवढ्या लांबच्या प्रवासाचा त्रास झाला नसेल तिला?" सत्तरीच्या एक अक्का बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "हत्तीण आमची, खरं आहे. पण दुखणं तिचं की." त्या अक्का पदयात्रेलाही जाऊन आल्या होत्या. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एका वेळी मावल्या. अनेकांतवाद म्हणून आपण व्याख्यानं ऐकतो, तो त्या दुपारी मी साध्या गुडघेदुखीच्या बाईच्या तोंडून ऐकला.

संध्याकाळी त्या मुलीच्या वडिलांना फोन गेला. "मुलीला जरा सांभाळा, समाजाच्या विरोधात बोलते म्हणे." ती विरोधात काही बोललीच नव्हती. लिहिलेलं वाचून दाखवलं होतं. पण ग्रुपवर तिच्या नावाने दोन टोमणे आले, एकाने तिचा कॉलेजमधला फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमधून बाहेर पडली. आमच्या स्वाध्यायाला ती पुन्हा आलेली नाही. आई येते आणि मागे बसते.

आपली खरी हानी इथे झाली. समाजात वाचून सांगणारी एक मुलगी होती, ती गप्प झाली. पुढच्या वेळी मोठं संकट आलं की आपण रीलवरच विसंबणार.

अशी वेळ त्याआधीही आली होती. सम्मेद शिखरजीचं आंदोलन आठवा. पारसनाथच्या अभयारण्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करणारी केंद्राची अधिसूचना ऑगस्ट २०१९ची. आपल्या फोनवर ती पोहोचली २०२२च्या डिसेंबरात. तीही अधिसूचना म्हणून नाही, "शिखरजीवर दारूची दुकानं येणार" एवढं एकच वाक्य होऊन. मधली तीन वर्षं देशभरातले आपले पदवीधर कुठे होते? त्या कागदात खाणी आणि कारखान्यांवर बंधनं होती, आणि त्याच कागदात पर्यटनाच्या तरतुदीही होत्या. आपला आक्षेप दुसऱ्या भागाला होता आणि तो रास्त होता. जयपूरला एका मुनींनी अन्नत्याग करून देह ठेवला, तेव्हा देश हलला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली. पण तोच डोंगर संथाळ आदिवासींना मारांग बुरू म्हणून पवित्र आहे. त्याच जानेवारीत तेही तिथे जमले आणि आपलं म्हणणं त्यांनी मांडलं. आपल्या किती ग्रुपवर ते आलं? माझ्या फोनवर तरी आलं नाही. ज्या डोंगरावर आपण अनवाणी चढतो, त्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं मत काय, हे विद्यापीठात समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या एखाद्या मुलीने सांगायला हवं होतं. तिला कुणी विचारलं नाही.

"आम्ही काय, आलेलं पुढे पाठवलं" असं पोरं म्हणतात. मोठेही म्हणतात. पण आपल्या शास्त्रात या पळवाटेला जागा नाही. कर्म तीन वाटांनी बांधलं जातं: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मान डोलावली. मजकूर लिहिणारा कृत. "सगळ्यांना पाठवा" म्हणणारा कारित. अंगठा दाखवणारा अनुमोदना. अंगठ्यालाही कर्म लागतं, असं म्हणायला मला आता शास्त्री विचारायची गरज वाटत नाही. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणं. रहोभ्याख्यान आहे, म्हणजे कुणाची खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणणं. एखाद्या मुलीचा फोटो तिला न विचारता ग्रुपवर टाकणं याला दुसरं काय म्हणायचं?

आणि हे नुसतं परलोकाचं नाही. २०१८च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरली आणि भिक्षा मागून जगणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, हैदराबादहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरला तशाच अफवेने जीव गमवावा लागला. त्यानंतर व्हॉट्सॲपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालावी लागली. पाणी गाळून पिणारे, रात्रीचं न जेवणारे आपण. हिंसा न दिसणाऱ्या जिवापर्यंत जाते हे आपल्याला सांगावं लागत नाही. मग ती शब्दातून जाते हे का सांगावं लागावं?

वर्तमानपत्रं आणि वाहिन्या यांना मी यातून सोडत नाही. हत्तीण गेली त्या दिवसांत प्रत्येक वाहिनीवर माणसं रडताना दिसत होती. हत्तीतज्ज्ञ डॉक्टर किती वेळ दिसले? आपल्या समाजाच्या मासिकांचंही तसंच. वर्गणीदार म्हणून पानं उलटते तेव्हा सत्कार, उद्‌घाटनं, देणगीदारांचे फोटो आणि वधू-वरांचे परिचय, यांच्यात विचाराचं एखादं पान शोधावं लागतं. वधूच्या परिचयात "एम.टेक." असतं. त्या एम.टेक. मुलीचा लेख मात्र कधी नसतो. जुन्या अंकांत वाद होते म्हणून ते अंक लोक जपून ठेवत. आजचा अंक वाद टाळतो, आणि मग पोरं वादासाठी फोनकडे जातात, जिथे वाद म्हणजे शिवी.

फोनने चांगलं केलंय तेही सांगते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख पूर्वी खेड्यात कळायचीच नाही, आता कळते. इंदूर-हैदराबादला दिलेल्या लेकी घरबसल्या गावच्या बस्तीतला अभिषेक बघतात. वसतिगृहातली मुलगी रात्री आईचं तोंड बघू शकते, म्हणून कितीतरी आयांनी मुलींना बाहेर शिकायला पाठवलं. यात एक अट मात्र नकळत घुसते. मुलाचा फोन हा त्याचा फोन असतो आणि मुलीचा फोन हा तिच्यावरचा पहारा असतो. "लास्ट सीन बारा वाजता का?" "फोटो कुणी काढला?" आणि गावातल्या एखाद्या मुलीबद्दल काही खरं-खोटं फिरलं, की दुसऱ्या चार मुलींचं पुढचं शिक्षण धोक्यात येतं. अफवेची किंमत मुलगा देत नाही, मुलगी आपल्या पदवीने देते. म्हणून हा विषय मी बायकांपुढे मांडतेय. पुरुषांच्या कमिटीला यात काही बुडाल्यासारखं वाटणार नाही.

मग करायचं काय? फोन काढून घ्या असं मी म्हणणार नाही. ते होणार नाही आणि झालंच तर फक्त मुलींच्या बाबतीत होईल. मला एवढंच सुचतं, की प्रत्येक गावच्या महिला मंडळाने महिन्यातून एक दुपार ठेवावी. त्या महिन्यात समाजात जे गाजतंय, त्याचा मूळ कागद शोधून आणायचं काम कॉलेजच्या एका मुलीला आणि एका मुलाला द्यावं. निकाल असो, अधिसूचना असो, सरकारी योजना असो. त्यांनी ते वाचावं आणि आपल्या बोलीत सांगावं. मग बायकांनी शंका विचाराव्या. उत्तर आलं नाही तर पोरांनी पुढच्या महिन्यात शोधून आणावं. तोवर त्या विषयावर ग्रुपवर काही पाठवायचं नाही, एवढा नियम पाळावा. आपण चतुर्दशीला हिरवी भाजी सोडतो, दहा दिवस एकवेळ जेवतो. एक महिना एक मेसेज थांबवणं त्याहून अवघड नाही.

आणि एक पथ्य आपण मोठ्यांनी पाळायचं. वाचून सांगणाऱ्या मुलीच्या घरी संध्याकाळी फोन करायचा नाही. तिचं म्हणणं पटलं नाही, तर पुढच्या दुपारी तिच्यासमोर बसून, तिचं नाव घेऊन विचारायचं. त्यालाच पृच्छना म्हणतात.